जीपीएसवरचा पॉइंट सरकतोय? आधी आकड्यांची पद्धत बघा

दुसऱ्या बोटीच्या तांडेलाने वायरलेसवर खडकाचा पॉइंट, म्हणजे त्याचे अक्षांश-रेखांश दिले, तुम्ही ते जसेच्या तसे टाकले आणि खडक सापडला भलतीकडेच. अशा वेळी बहुतेकदा जीपीएस ठीक असतो, आकडे लिहिण्याची पद्धत वेगळी असते. ‘17 अंश 30 मिनिटं 50’ यातले 50 सेकंद आहेत की मिनिटाचे शंभरांश? सेकंद असतील तर ती 30.833 मिनिटं, शंभरांश असतील तर 30.50. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे 1852 मीटर, त्यामुळे इथेच सव्वासहाशे मीटरच्या आसपास फरक पडतो. जाळं फाटायला तेवढा पुरे!

बोट चालू असताना शेवटचे आकडे बघत राहा. ते 59 च्या पुढे गेले तर ते सेकंद नव्हेत. सेकंदांत आलेला पॉइंट बदलायचा असेल तर सेकंदांना 60 ने भागा आणि उत्तर मिनिटांत मिळवा.

आकडे जुळूनही फरक राहिला तर सेटिंगमध्ये डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार तपासा, तिथे डब्ल्यूजीएस-84 (जीपीएसचा नेहमीचा डेटम) हवं. जुन्या सेटवर दुसरं निवडलेलं असेल तर पॉइंट शेकडो मीटर सरकू शकतो. तिथेच हाताने भरलेली पोझिशन दुरुस्ती, म्हणजे दिसणारी जागा मुद्दाम सरकवणारा आकडा असेल तर तो शून्य करा. सेकंडहँड सेटवर ती तशीच राहिलेली असू शकते.

शेवटी धक्क्याला बोट बांधून मोबाइलशी ताडून बघा. दोन्हींवर पद्धत एकच ठेवा. दहा-वीस मीटरचा फरक चालतो. आकडे उड्या मारत असतील तर अँटेना रडारच्या झोतात किंवा केबिनच्या आडोशाला आहे का, ते पाहा.