जातिवंत कुत्र्यांची जोडी ठरवण्याआधी वंशावळ कशी तपासावी

धडधाकट आईबापांच्या पोटी जन्मलेले पिल्लू तीन-चार वर्षांत आंधळे होऊ लागले, की पाळणारा आहाराला किंवा नशिबाला दोष देतो. जातिवंत कुत्र्यांत मात्र याचे कारण पुष्कळदा नर आणि मादी या दोघांकडून आलेले एकच सदोष जनुक असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. अप्रभावी विकारात एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावते. असा कुत्रा निरोगी दिसतो आणि निरोगीच जगतो, पण तो वाहक असतो. दोन्ही प्रती सदोष निघाल्या तरच विकार उघड होतो. लॅब्रॅडॉर, पूडल, कॉकर स्पॅनियल अशा अनेक जातींत आढळणारा दृष्टिपटलाचा एक ऱ्हास किंवा बेडलिंग्टन टेरियरच्या यकृतात तांबे साचवणारा विकार याच रीतीने पुढे जातो. त्यामुळे केवळ नर-मादीची तब्येत पाहून जोडी ठरवणे पुरेसे नाही.

प्रथम दोघांच्या वंशावळी समोरासमोर ठेवाव्यात आणि दोन्हींत येणाऱ्या प्रत्येक सामाईक पूर्वजाभोवती खूण करावी. तीन पिढ्यांच्या कागदावर समाधान मानू नये. गाजलेला, बक्षिसे मिळवलेला एखादा नर पाचव्या-सहाव्या पिढीत चार-पाच ठिकाणी बसलेला असतो, आणि तीन पिढ्यांच्या कागदावर त्याचे नावही नसते. वंशावळ जितकी आखूड, तितका तिच्यावरून काढलेला नात्याच्या जवळिकीचा आकडा फसवा आणि कमी असतो; म्हणून मिळतील तितक्या पिढ्या मिळवाव्यात, निदान आठ-दहा तरी.

पुढचे काम हाच आकडा, म्हणजे अंतःप्रजनन गुणांक, काढण्याचे. पिल्लाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच सामाईक पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता म्हणजे हा गुणांक. ही पद्धत सीवॉल राइट या आनुवंशशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडली आणि ती हातानेही करता येते. पिल्लाच्या बापापासून सामाईक पूर्वजापर्यंत वर जावे, तिथून आईपर्यंत खाली यावे आणि या वाटेवरचे कुत्रे मोजावेत. बाप, पूर्वज आणि आई हे तिघेही मोजणीत धरावेत. जितके कुत्रे, तितक्या वेळा १/२ मांडून त्यांचा गुणाकार करावा. नर आणि मादी यांचा बाप एकच, पण आया वेगळ्या असतील, तर वाटेवर तीन कुत्रे येतात आणि गुणांक १/८, म्हणजे १२.५ टक्के होतो. सख्ख्या भावंडांना बाप आणि आई असे दोन सामाईक पूर्वज असतात, म्हणून १/८ अधिक १/८, म्हणजे २५ टक्के. सख्ख्या चुलतभावंडांच्या प्रत्येक वाटेवर पाच कुत्रे असतात. अशा दोन वाटा मिळून १/१६, म्हणजे ६.२५ टक्के. एका वाटेत एकच कुत्रा दोनदा मोजू नये. सामाईक पूर्वज स्वतःच नात्यातल्या जोडीतून जन्मलेला असेल, तर त्या वाटेच्या उत्तराला एक अधिक त्याचा गुणांक या संख्येने गुणावे. वंशावळ गुंतागुंतीची असेल तर संगणक वापरावा, पण दोन-तीन जोड्यांचे गणित एकदा हाताने करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्याचे गांभीर्य मनात बसत नाही.

त्या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या जातीत एका जनुकाच्या दर १०० प्रतींमागे एकच सदोष आहे. नात्यात नसलेली जोडी असेल तर विकारग्रस्त पिल्लाची शक्यता १०,००० मध्ये एक असते. तीच जोडी सख्ख्या भावंडांची असेल तर ती साधारण ४०० मध्ये एक होते. हे झाले एका जनुकाचे, आणि कुत्र्याच्या ३९ गुणसूत्र-जोड्यांवर अशी अनेक जनुके लपलेली असू शकतात. नात्यातल्या अशा जोड्यांना ‘लाइन ब्रीडिंग’ हे सौम्य नाव दिल्याने हे गणित बदलत नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने २००९ पासून, अपवाद वगळता, बाप-मुलगी, आई-मुलगा आणि सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंदणी थांबवली, ती याच कारणाने. माझ्या मते ६.२५ टक्क्यांच्या वर जाणारी जोडी सबळ कारणाशिवाय लावूच नये.

यानंतर डीएनए चाचणी. गालाच्या आतून घेतलेला नमुनाही तिला पुरतो. ज्या चाचण्या आपल्या जातीत उपयुक्त ठरल्या आहेत, त्याच कराव्यात. वाहक आणि वाहक अशी जोडी लावली, तर प्रत्येक पिल्लू विकारग्रस्त निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के आणि निर्दोष निघण्याची २५ टक्के असते. ही शक्यता प्रत्येक पिल्लाची स्वतंत्र असते. चार पिल्लांत एकच आजारी निघेल असे धरून चालू नये. विकारग्रस्त पिल्लाचे निरोगी दिसणारे भावंड वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते, म्हणून त्याची चाचणी झाल्याशिवाय त्याची जोडी ठरवू नये.

इथे एक चूक वारंवार होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. चाचणीत वाहक ठरलेला प्रत्येक कुत्रा प्रजननातून बाद केला जातो. त्याने जात आणखी आकुंचन पावते, उरलेले कुत्रे एकमेकांचे अधिक जवळचे नातलग होतात आणि आजवर दबून असलेले दुसरेच सदोष जनुक वर येते. चांगल्या वाहकाची जोडी निर्दोष जोडीदाराशी लावावी: एकही पिल्लू त्या विकाराने आजारी पडत नाही, निम्मी पिल्ले निर्दोष निघण्याची अपेक्षा असते, आणि त्यांतले उत्तम पिल्लू पुढे ठेवता येते. निर्दोष जोडीदारच शिल्लक राहिला नाही तर काय होते, हे डाल्मेशियन जातीने दाखवून दिले. लघवीत युरिक आम्ल वाढवून खडे घडवणारे अप्रभावी जनुक या जातीत जवळपास सर्व कुत्र्यांत दोन्ही प्रतींत पसरले होते, त्यामुळे जातीच्या आत उपायच उरला नाही. १९७३ मध्ये एका पॉइंटरशी संकर करून, पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशी जोडत निर्दोष प्रत परत आणावी लागली, आणि त्या वंशाला अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळायला २०११ उजाडले.

चाचणी ज्ञात विकारच पकडते. ज्यांची जनुके अजून सापडलेली नाहीत, त्यांच्यापासून कमी गुणांक हेच संरक्षण आहे. म्हणून दोन्ही कसोट्या लावाव्यात. नितंबसांध्याच्या दोषासारखे विकार अनेक जनुकांवर अवलंबून असतात आणि त्यांना हे सरळ गणित लागू पडत नाही. तिथे एक्स-रे पाहूनच ठरवावे.

एकाच नराकडून किती वेतांना पिल्ले घ्यायची, यालाही मर्यादा असावी. पिल्ले दुसऱ्यांकडे गेल्यावर त्यांना पाळणाऱ्यांशी आठ-दहा वर्षे संपर्क ठेवावा. जर्मन शेफर्ड आणि कॉर्गी यांना होणारा मज्जारज्जूचा ऱ्हास बहुधा आठव्या वर्षाच्या सुमारास किंवा त्यानंतर दिसतो, आणि तोवर त्याच नराच्या नातवंडांच्याही जोड्या लागून गेलेल्या असतात.