कोरडे तोंड आणि होमिओपॅथी : गोळ्यांआधीची नोंद कशी करावी

पुण्यात होळी उलटली की तोंडाला कोरड पडल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि ‘ब्रायोनिया घ्या’, ‘आर्सेनिक घ्या’ असे होमिओपॅथीच्या औषधांचे सल्लेही तितक्याच सहज दिले जातात. आधी आईला, मग मावशीला आणि पुढे शेजारच्या दोन आजींना या तक्रारीसाठी होमिओपॅथी डॉक्टरांकडे नेण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगते की, कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्यांची बाटली घरी आणणे ही या कामाची सर्वांत वाईट सुरुवात आहे.

प्रथम चालू असलेल्या सर्व औषधांची यादी करावी. सर्दी-अ‍ॅलर्जीवरचे सेटिरिझिन, नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलिन, तसेच लघवीच्या घाईसाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिन व टोल्टेरोडिन ही औषधे लाळ कमी करू शकतात. यादी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी. मनाने एकही गोळी बंद करू नये. रक्तातील साखर त्याच आठवड्यात तपासून घ्यावी.

यानंतरचा टप्पा खरा अवघड आहे आणि तिथेच मी चुकले होते. कोरड आणि तहान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ‘घशाला कोरड पडली’ असे आपण तहान लागल्यावरच म्हणतो, त्यामुळे रुग्ण आणि घरचे दोघेही एकाऐवजी दुसरीच गोष्ट सांगून मोकळे होतात. होमिओपॅथीत मात्र औषधाची निवड बरीचशी याच फरकावर ठरते. तोंड कोरडे आणि बऱ्याच वेळाने एकदम पेलाभर पाणी लागते, तर ब्रायोनिया. घोट घोट पण सतत लागते, तर आर्सेनिकम अल्बम. कोरड आहे पण तहान नाही, तर पल्सेटिला. जीभ टाळूला चिकटते तरी पाणी नको वाटते आणि सारखी झोप येते, तर नक्स मोश्चाटा, म्हणजे आपले जायफळ, असे त्यांचे ग्रंथ सांगतात.

आईच्या उशाशी रात्रभर तांब्या असायचा आणि ती वारंवार घोट घ्यायची, म्हणून मी डॉक्टरांना ‘तिला फार तहान लागते’ असे सांगितले. त्यांनी आर्सेनिकम दिले आणि त्यात कित्येक आठवडे गेले. एका रात्री मी तिच्या शेजारी जागी राहिले, तेव्हा बोलायला तोंड उघडताना तिची जीभ टाळूपासून सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तिने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बराचसा तस्तात टाकला. मी विचारले, ‘आई, तहान लागलीय का?’ ती म्हणाली, ‘अगं, तहान नाही, जीभ चिकटते.’ दिवसा मात्र आम्हीच आग्रह करकरून तिला पाणी पाजत होतो. त्यामुळे लघवीला वारंवार जावे लागे, त्यासाठी तिला गोळी सुरू झाली होती आणि त्या गोळीनेच कोरड वाढवली होती. फिजिशियनने ती गोळी बदलल्यावर जिभेला ओलावा आला.

म्हणून पुढील नोंद सलग तीन दिवस करावी. ‘तहान लागते का?’ असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. एक लिटरची बाटली वेगळी ठेवून किती पाणी पोटात गेले आणि किती नुसते तोंड ओले करण्यात गेले, हे लिहावे. पाण्याशिवाय खारीचा तुकडा गिळता येतो का, हे पाहावे. झोपेत तोंड उघडे राहते का, हे घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. शेवटी, तासभर काही न खाता-पिता, शांत बसून, न बोलता, जमा होणारी लाळ पंधरा मिनिटे खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाच्या छोट्या कपात सोडावी. १.५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली, तर लाळ खरोखरच कमी आहे असे समजावे आणि आधी फिजिशियनकडे जावे.

होमिओपॅथी डॉक्टर नोंदणीकृत असावेत आणि नोंदीचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा, एवढे पुरे.

गोळ्यांबद्दल माझे मत मी लपवत नाही. बाटलीवर लिहिलेले ‘३० सी’ म्हणजे शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेले औषध. बाराव्या वेळेनंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता नगण्य होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात नाही, असा निष्कर्ष काढला. आमच्या घरी उपयोग झाला तो बारकाईच्या विचारपुशीचा. कोणाची श्रद्धा असेल तर त्यांनी गोळ्या जरूर घ्याव्यात, पण चालू उपचारांच्या जागी कदापि घेऊ नयेत. बेलाडोना या विषारी वनस्पतीचा मूळ अर्क किंवा फारसे पातळ न केलेले औषध तर घरात आणूच नये. त्यातील अ‍ॅट्रोपिन स्वतःच लाळ आटवते. शिवाय या गोळ्या साखरेच्या असतात आणि लाळ कमी असलेल्या तोंडात दात फार लवकर किडतात, म्हणून त्या दर तासाला चघळत राहू नयेत.

रोजच्या आरामासाठी थोडे थोडे पाणी, झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे च्युइंगगम आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी. मिसरी आणि अल्कोहोलयुक्त माउथवॉश बंद करावे.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, कानाखाली सूज असेल किंवा जिभेवर पांढरे चट्टे दिसत असतील, तर तीन दिवसांची नोंदही पुरी करत बसू नये. शोग्रेन या विकारात लाळ आणि अश्रू दोन्ही आटतात, आणि त्याचे निदान सहसा संधिवाततज्ज्ञ करतात. जेवढे लिहून झाले असेल तेवढा कागद आणि औषधांची यादी घेऊन त्यांच्याकडे जावे.