लाइट आल्यावर तुमचा स्टरर काय करतो?

लॅबच्या उपकरणांच्या डिझाइनमध्ये येऊ पाहणारी मुलं मला पोर्टफोलिओबद्दल विचारतात. रेंडर, फोम मॉडेल हे सगळं कॉलेजात झालेलंच असतं, त्यावर मी बोलत नाही. मी एवढंच विचारते: तुमचा स्टरर, म्हणजे बीकरमधला द्रव ढवळणारं मशीन, चालू असताना लाइट गेली आणि परत आली, तर तो काय करेल? मला हे वेळेवर कुणी विचारलं नव्हतं.

माझं पहिलं मोठं काम हॉटप्लेटवाल्या मॅग्नेटिक स्टररचं होतं. यात प्लेटखाली मोटरवर एक चुंबक फिरतो आणि त्याच्या ओढीने बीकरमधली छोटी चुंबकी कांडी, म्हणजे नीडल, फिरून द्रव ढवळते. जुन्या मॉडेलला वेगाच्या आकड्यावर टोक दाखवणारा नॉब होता, आत साधा पोटेन्शिओमीटर. मी तो काढून एन्कोडर, म्हणजे टोक नसलेला, कितीही फिरवता येणारा नॉब बसवला आणि वर डिजिटल डिस्प्ले दिला. दिसायला सुबक, पुसायला सोपा. सगळ्यांना आवडला.

चाचणीचं पहिलं युनिट एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये लागलं. तिथली ॲनालिस्ट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बनवत होती, वेग १,२०० आरपीएम (मिनिटाला फेरे). लाइट गेली. नीडल थांबली, डिस्प्ले काळा. पीएच मीटर यूपीएसवर होता, द्रव शांत होता, म्हणून तिने रीडिंग घ्यायला मीटरचा इलेक्ट्रोड बीकरमध्ये खाली सोडला. तेवढ्यात जनरेटर लागला आणि स्टररने थेट १,२०० गाठले. खालचा चुंबक असा एकदम धावला की नीडलला त्याच्याबरोबर फिरता येत नाही, ती सुटते आणि उड्या मारते. इलेक्ट्रोडच्या टोकाचा काचेचा फुगा फुटला. बफर फेकावं लागलं. डेव्हिएशन रिपोर्टमध्ये, म्हणजे काय चुकलं याच्या नोंदीत, कारण लिहिलं गेलं, ॲनालिस्टची चूक. तो कागद मी पाहिलाय. चूक माझी होती.

हे नीट समजून घ्या, कारण यात कुठलाही भाग बिघडलेला नव्हता. जुन्या नॉबचं टोक लाइट नसतानाही १,२०० वर दिसायचं. लाइट गेली की नॉब शून्यावर आणायचा, ही त्या लॅबमधल्या हातांची सवयच होती. माझ्या एन्कोडरला शून्य नव्हतं. बंद मशीनवर वेग वाचायला काही नव्हतं आणि तो उतरवायलाही काही नव्हतं. दुसरीकडे, लाइट आल्यावर आपोआप चालू होणं हे फर्मवेअरवाल्यांनी, म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी, मुद्दाम ठेवलेलं, कारण रात्रभर रिॲक्शन लावणाऱ्या एका ग्राहकाने ते मागितलं होतं. त्याचंही बरोबरच होतं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य, पण ते शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. तो इलेक्ट्रॉनिक्सचा विषय आहे असं मी धरून चालले होते. तो डिझायनरचा विषय आहे. मशीन बंद असताना माणसाला काय कळतं, ही जबाबदारी तुमची.

अशा कामात शॉर्टकट म्हणून परदेशी मशीनचं पॅनेल समोर ठेवून गिरवणारे पुष्कळ भेटतील. करू नका. त्या पॅनेलमागचे निर्णय तुम्हाला दिसत नाहीत. त्यापेक्षा साधा व्हॉर्टेक्स मिक्सर, म्हणजे टेस्ट ट्यूबमधला द्रव घुसळणारं छोटं मशीन, तासभर वापरा. क्राफ्ट बंधूंनी त्याच्या पेटंटसाठी १९५९ मध्ये अर्ज केला, १९६२ मध्ये ते मिळालं. टच मोडमध्ये नळी कपावर दाबली की तो फिरतो, उचलली की थांबतो. चालू की बंद, हे वापरणाऱ्याच्या हातालाच कळतं. इतकं स्वच्छ उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आणि गुरू शोधायचा तर सर्व्हिस विभागात शोधा. आमच्याकडच्या सर्व्हिसच्या काकांनी माझं ड्रॉइंग पाहून आधीच विचारलं होतं, “मॅडम, लाइट गेल्यावर हे कुठे बघायचं?” मी ऐकून घेतलं आणि पुढे गेले. पॅनेलवरची पॉलिकार्बोनेटची शीट ॲसिटोनच्या फडक्याने तडकते, हेही त्यांनीच दाखवलं. पॉलिस्टर टिकतं.

घाबरू मात्र नका. केमिस्ट्री थोडी कच्ची असली तरी चालते, माझीही होती. मिसळण्याच्या उपकरणांसाठी आयईसी (विद्युत उपकरणांची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ६१०१०-२-०५१ हे सुरक्षिततेचं वेगळं मानक आहे. मुख्य ६१०१०-१ सोबत ते पहिल्याच महिन्यात वाचा. कंटाळवाणं वाटेल, दोनदा वाचा. बाकीचं लॅबमध्ये उभं राहून येतं. डिस्प्लेवरचे आरपीएम खालच्या चुंबकाचे असतात, नीडलचे नव्हे, हे मला एका घट्ट सिरपच्या बीकरपाशी उभं राहून कळलं: आकडा ६००, नीडल जागच्या जागी खडखडतेय.

पुढच्या मॉडेलमध्ये लाइट आली की मोटर थांबूनच राहते, आधीचा वेग लुकलुकतो, नॉब दाबल्याशिवाय काही हलत नाही. रात्रभरासाठी वेगळी सेटिंग आहे. ती लावली तर समोर पिवळा दिवा लागतो, वेग सावकाश चढतो आणि हीटर मात्र बंदच राहतो.

ते मॉडेल घेऊन मी त्याच लॅबमध्ये गेले. त्या ॲनालिस्टने १,२०० वेग लावला, सॉकेटचं बटण बंद केलं, मनात काही आकडे मोजले आणि परत चालू केलं. नीडल तळाशी तशीच पडून होती. मग तिने स्टँडवरून इलेक्ट्रोड काढला.