पाण्याची बाटली घेताना काय बघायचं
आधी सील आणि तारीख बघा, मग आयएसआय मार्क असेल तर वर आयएस १४५४३ (पॅकबंद पिण्याच्या पाण्याच्या मानकाचा क्रमांक) आणि खाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबर असतो, तो हा मार्क देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळलं नाही तर सरळ परत द्या. उन्हात रचलेले क्रेट नकोच, पेट प्लास्टिक तापलं की त्यातला अँटिमनी हा घातक धातू पाण्यात जास्त उतरतो (गाडीत राहिलेली बाटली पण त्यातच आली). उकळून घेऊ म्हणाल तर जंतू मरतात हो, पण नायट्रेट, आर्सेनिक तिथेच, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. २००३ मध्ये सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेला दिल्ली-मुंबईच्या बाटल्यांत कीटकनाशकं सापडली होती, तेव्हा मोठा ब्रँड म्हणून डोळे झाकून घेऊ नका. आणि लग्नातले ते थंड जार, त्यावर बऱ्याचदा लेबलच नसतं, तपासणार काय डोंबल!