ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केल्यावर (वेग ठरल्यापेक्षा वाढवल्यावर) गेम बंद पडतो, क्लॉक वरखाली होतो: माझा अनुभव
कोअर क्लॉक (कार्डाच्या मुख्य चिपचा वेग) +१५० मेगाहर्ट्झ केला की गेम थोड्याच वेळात धाडकन डेस्कटॉपवर यायचा. ड्रायव्हर पुन्हा टाकला, पॉवर लिमिट वाढवली, व्होल्टेजचा स्लायडरही सरकवला. कार्ड नुसतं तापलं. डोकं उठलं होतं.

शेवटी उलटं केलं, व्होल्टेजच बांधून ठेवलं. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) आधी सगळं रिसेट केलं. कोअर क्लॉक −२५०, अप्लाय. मग कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह (कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणारा आलेख) उघडला, ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढला, पुन्हा अप्लाय. त्याच्या उजवीकडची रेघ आडवी झालीच पाहिजे, नाहीतर कार्ड ९०० मिलिव्होल्टच्या वर जाणारच. आकडे माझ्या कार्डाचे. तुमचे वेगळे निघतील. तरीही गेम बंद पडला तर तोच ठिपका १५ मेगाहर्ट्झने खाली घ्या. विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याचं बटण मात्र तासभर गेम नीट चालल्यावरच दाबा.