लेहला निघालात? आधी सिम दाखवा

वाडीतली चौघं यंदा लडाखात मारखा खोऱ्याच्या ट्रेकला निघालीत. लावणी आटोपली की निघायचं, गणपतीच्या आत परत. बेत झकास. मीही हाच केला होता आणि माती खाल्ली होती, म्हणून लिहितोय.

सिम. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेडच लागतं. मला दुकानदार म्हणाला होता, "रोमिंग आहे, चालतंय की." लेहला उतरलो आणि फोनचा दगड झाला. कॉल नाही, ओटीपी नाही, यूपीआय नाही, खिशात अठराशे रुपये. दुसऱ्याच्या फोनवरून दोनदा घरी लावला, तर अनोळखी नंबर म्हणून आई उचलेना. मग आम्ही खोऱ्यात शिरलो. इकडे चौथ्या दिवशी आईने देवळात गाऱ्हाणं घातलं आणि सहाव्या दिवशी काका पोलीस पाटलाच्या पडवीत जाऊन बसले. प्रीपेडचं पोस्टपेड करताना नंबर बदलत नाही, पण वेळ लागू शकतो. आजच करा. 'निघायच्या आदल्या दिवशी बघू' असं कुणी म्हटलं तर त्याला मागेच ठेवा.

स्वेटर, थर्मल, कानटोपी सांगायला नको. फक्त माळ्यावरचा स्वेटर काढून आधी हुंगा. आपल्या दमट हवेत त्याला बुरशी आलेली असते आणि आषाढात तो वाळत नाही. सुती बनियन नको, घामाने भिजलं की अंगावर गार पडून राहतं. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका. माझी आठ दिवस थिजलेलीच होती, शेवटी चमच्याच्या दांड्याने उकरून ओठांना लावलं. व्हॅसलिन घ्या. गॉगल घ्या, चांगला.

आता उंची. आपण समुद्राकाठची माणसं. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह सुमारे ३,५०० आणि दिल्लीहून विमान तुम्हाला दीड तासाच्या आत तिथे नेऊन टाकतं. समुद्रसपाटीला श्वासागणिक मिळतो त्याच्या दोन तृतीयांशच प्राणवायू तिथे मिळतो. रायगडाच्या पायऱ्या न थांबता चढणाऱ्यालाही हे चुकत नाही. पायांचा दम वेगळा, उंचीची सवय वेगळी. पहिले दोन दिवस लेहमध्ये पडून राहा, पाणी प्या, बाजारात हुंदडू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर ती आधी सांगा. वाटेत डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या तर वर चढायचं नाही. तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. तिथे फुशारकी नको.

आणि हो, खोऱ्यात बहुतेक ठिकाणी पोस्टपेडलाही रेंज नसते. म्हणून लेहहून निघताना घरी सांगा: अमुक दिवस फोन येणार नाही, अमक्या तारखेला येईल. त्यासाठी लेहमध्ये फोन लागायला हवा. म्हणजे पोस्टपेड. सगळ्यांचं! एकाचं आहे म्हणून तिघांनी निजू नये, त्याचाच फोन नदीत पडतो.

नदीवरून आठवलं. लहानपणापासून पऱ्या, म्हणजे आपले ओढे, ओलांडलेत हे कबूल, पण हे वितळलेल्या बर्फाचं पाणी. पोटऱ्या बधिर होतात, दगड पायाला कळत नाही. दुपारनंतर पाणी चढतं, तेव्हा सकाळीच ओलांडा. पट्ट्याचे सँडल घ्या, स्लिपर वाहून जाते.

खाणं होमस्टेमध्ये मिळतं. तरी आमसुलं न्या, मळमळीला बरी पडतात. सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, नेऊ नका, वास सुटतो आणि तंबूत चौघांना झोपायचंय. भाताचा हट्ट धरू नका. निमालिंगला, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या मुक्कामाला, पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तांदूळ कच्चा राहतो.

बाकी टॉर्च, ओळखपत्र, रोख पैसे (मी नेले त्याहून बरेच जास्त), पॉवर बँक रात्री झोपायच्या पिशवीत. वाटेतली 'कोंगमारू ला' ही खिंड ५,२०० मीटरच्या वर आहे, पहाटे निघा. परतीला एक दिवस मोकळा ठेवा, हवेमुळे विमानं रद्द होतात आणि दिल्लीहून रत्नागिरीची मंगला एक्सप्रेस कुणासाठी थांबत नाही.

सिम बदललंत की प्रत्येकाने आपापल्या नंबरवरून मला मिस्ड कॉल द्या. चार यायला हवेत.