टोमॅटोचं बी हस्त नक्षत्रात, तेही पडवीत

गुहागर-दापोलीकडच्या परसातल्या टोमॅटोबद्दल एक तक्रार दरवर्षी कानावर येते: झाड छातीएवढं होतं, फुलांनी भरतं आणि फुलं गळून जातात. खत कमी पडलं असं समजून लोक आणखी शेणखत घालतात. बहुतेक वेळा चूक खताची नसते, बी पेरायच्या तारखेची असते.

थंड देशांत टोमॅटोचं बी घरात, खिडकीशी रुजवतात. शेवटचं गोठवणारं दंव कधी पडतं ती तारीख धरायची आणि तिथून सहा ते आठ आठवडे मागे जायचं, हा त्यांचा हिशोब. दंवाने रोप मरतं आणि उन्हाळा आखूड, म्हणून बाहेरची माती तापेपर्यंत रोप घरात वाढवून ठेवायचं. आपल्याकडे असं गोठवणारं दंव नाही. तरी मागे मोजायची रीत आपणही घ्यावी, फक्त आपण मोजायचं ते उकाड्यापासून.

टोमॅटोचं फळ चांगलं धरतं ते रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास असल्या की. कोकणपट्टीवर अशा रात्री डिसेंबर-जानेवारीत मिळतात, थोड्या फेब्रुवारीत. मार्च लागला की रात्रीही उकडतं, आणि मग फुलातला पराग नीट काम करत नाही. म्हणजे फुलं डिसेंबरच्या तोंडाशी यायला हवीत. लावणीनंतर फुलायला साधारण महिना, त्याआधी रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस. मागे मोजत आलात की पोचता सप्टेंबरच्या अखेरीला. सूर्य हस्तात जातो २७ सप्टेंबरच्या सुमारास. तिथून चित्रा लागेपर्यंत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत, बी पडलंच पाहिजे. दिवाळीनंतर सवडीने पेरू असं म्हणणाऱ्यांची झाडं फुलात येईपर्यंत थंडी निघायला लागलेली असते.

आता अडचण अशी की हस्ताचा पाऊस बेभरवशाचा. दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळी गडगडाटासह सर. उघड्या वाफ्यातलं बी वाहून जातं, आणि जे उगवतं ते ओल्या मातीत देठाशी कुजून आडवं होतं. म्हणून पडवी. नुसत्या उबेसाठी आपल्याला घरात पेरायची गरज नाही, २५ ते ३० अंशांत बी आठवड्याभरात उगवतं. आपण छप्पर शोधतो ते पावसापासून.

माती अशी करा: चाळलेलं जुनं शेणखत, धुतलेला काथ्याचा भुसा आणि ओढ्याची वाळू, सारखे भाग. काथ्याचा भुसा दोन-तीन पाण्यांतून काढाच, त्यात मीठ असतं. समुद्राची वाळू तर अजिबात नको. बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे कूज रोखणारी उपयोगी बुरशी, चोळून घ्या आणि पाऊण-एक सेंटिमीटर खोल, बोटभर अंतराने टाका. वर ओला कागद झाका. पहिला कोंब वाकून वर दिसला की त्याच दिवशी कागद काढा आणि ट्रे पूर्वेच्या कठड्यावर ठेवा. कोकणी घराची पडवी खोल, पागोळ्या खाली उतरलेल्या, आत उजेड कमी. आत राहिलेली रोपं दोन-तीन दिवसांत दोऱ्यासारखी लांबतात आणि पुढे कधी नीट सावरत नाहीत. सकाळचं ऊन मिळेल तिथे ठेवायचं, सर आली की आत ओढायचं. घरात माणूस हवं, याला दुसरा उपाय नाही.

खरी पानं दोन आली की एकेक रोप वेगळं करा. मला यासाठी करवंटी आवडते, डोळ्यांच्या बाजूची. मऊ डोळा टोचून काढला की पाणी जायला भोक तयार. पाणी सकाळीच द्या, रात्री माती ओली राहू देऊ नका. पांढरी माशी फिरत असेल तर ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचाला तेवढी भोकं असलेली, जाळी लावा. मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज जाते, आणि पानं आकसवणारा रोग तिच्यामार्फतच येतो.

जात कुठली हे इथे तारखेइतकंच महत्त्वाचं. आपल्या आम्ल जांभ्या मातीत मर रोगाचे जिवाणू टिकून राहतात. सकाळी टवटवीत असलेलं हिरवं झाड दुपारी मान टाकतं, आणि पाणी घालून उठत नाही. खात्री करायची तर खोड कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरा. कापल्या जागेतून दुधट धागे उतरले तर मर. ते झाड मुळासकट जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही जात या रोगाला प्रतिकारक आहे. संकरित असल्यामुळे तिचं घरचं बी धरू नये. अर्का आभा आणि अर्का आलोक याही मर सोसणाऱ्या. वांगी-मिरची होती त्या जागी टोमॅटो लावू नका, रोग तोच. भात कापलेलं खाचर उत्तम, पाण्याखाली राहिलेल्या मातीत हे जिवाणू कमी होतात.

रोप १२ ते १५ सेंटिमीटरचं झालं की आठवडाभर उन्हाची सवय करा, आज तासभर, उद्या दोन. ऑक्टोबरचं ऊन पडवीतल्या पानाला एका दुपारीत भाजतं. मग संध्याकाळी, उंच सरीवर, खालच्या पानांपर्यंत खोड मातीत गाडून लावा. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. दोन झाडांत हातभर अंतर आणि प्रत्येकाला काठी, लावतानाच.

जानेवारीच्या मध्यापासून तोडा सुरू होतो. वानरांचा त्रास असेल तर फळ लाल व्हायची वाट पाहू नका. टोकाशी गुलाबी झाक दिसली की काढा, टोपलीत ते चार-पाच दिवसांत पूर्ण पिकतं.